दोन भेटी झाल्या, मॅडम नुसत्या ऐकतात

प्रश्न असा आला आहे. वय ३८, नाशिकला एका बँकेत शाखाधिकारी. वर्षभर झोप नीट नाही, रात्री तीनला जाग येते ती येतेच, घरात मुलीवर उगाच ओरडणं होतं. बायको मागे लागली म्हणून समुपदेशन सुरू केलं. ‘मॅडम नुसत्या ऐकतात, मान डोलावतात, वहीत काहीतरी लिहितात आणि उलट मलाच प्रश्न विचारतात. उपाय कधी सांगणार? तासाचे हजार रुपये. त्यापेक्षा मित्राला चहा पाजून बोललो असतो. मी बोललेलं बायकोला कळेल का? एकूण किती वेळा जावं लागतं? तिसरी वेळ गुरुवारी सातची आहे, रद्द करू का?’ आणि सगळ्यात खाली ताजा कलम: ‘वडील गेल्या वर्षी ३१ मार्चला गेले, तेव्हा मी शाखेत होतो. हे मॅडमना सांगितलेलं नाही, कारण त्याचा या सगळ्याशी संबंध नाही.’

मी एकवीस वर्षं हे काम करते आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा आधी ताजा कलम वाचला, मग पत्र. सवयच लागली आहे तशी. आमच्याकडे माणूस पन्नास मिनिटं ऑफिसचं राजकारण सांगतो, वेळ संपते, उठतो, बाहेरच्या चपलांकडे नजर जाते, दाराच्या कडीला हात लागतो आणि पाठ आमच्याकडे असतानाच तो म्हणतो, ‘तसं विशेष काही नाही मॅडम, पण मागच्या महिन्यात एकदा रात्री गच्चीवर जाऊन उभा राहिलो होतो.’ मग मी त्याला परत बसवते आणि बाहेर थांबलेल्यांना चहा सांगते. हे इतक्यांदा झालं आहे की मी आता शेवटची दहा मिनिटं मुद्दाम मोकळी ठेवते आणि विचारते, ‘निघताना सांगायचं म्हणून काही ठेवलंय का?’ बरेच जण हसतात. हसून झाल्यावर सांगतात.

तुमचा ताजा कलम म्हणजे ती कडी. वडिलांच्या जाण्याचा आणि रात्री तीनला जाग येण्याचा संबंध आहे की नाही, हे मला माहीत नाही. पत्रावरून निदान करणारी मी नव्हे. पण ज्या गोष्टीचा संबंध नाही, ती माणूस सहसा तारखेसकट लिहीत नाही. बँकेतल्या माणसाला ३१ मार्च म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता मॅडम नुसत्या का ऐकतात ते सांगते. पहिली भेट, आणि पुष्कळदा दुसरीही, माहिती घेण्यात जाते. बाहेरून ते ऐकणं दिसतं, आत काम चाललेलं असतं. झोप कधीपासून बिघडली? लागत नाही की लागून मोडते? भूक, वजन, दारू, तंबाखू, गोळ्या. घरात आधी कुणाला असा त्रास? थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का? थायरॉइड मंदावलं तरी माणूस थकलेला, उदास, चिडका होऊ शकतो आणि तिथे कितीही बोललं तरी भागत नाही. पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं हे नैराश्यात नेहमी दिसणारं लक्षण आहे, म्हणून तीन वाजताची जाग कोणताही जाणता समुपदेशक उकरून विचारणार. काही जण एक कागद पुढे ठेवतात: गेल्या दोन आठवड्यांत अमुक किती दिवस वाटलं, अशी नऊ वाक्यं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. ती परीक्षा नाही. ताप मोजतात तसं मोजमाप आहे. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं की फरक कळतो. त्यातलं नववं वाक्य जीव नकोसा वाटण्याबद्दलचं असतं आणि समुपदेशक ते तोंडीही विचारतो: ‘मरून जावं असं वाटतं का? कसं करायचं याचा विचार झालाय का?’ सरळ, आडवळण न घेता. पुष्कळांना वाटतं की विचारल्याने नसलेलं डोक्यात भरेल. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून खांदे खाली येताना मी पाहिले आहेत. तुम्हाला दोन भेटींत हे विचारलं नसेल तर मला नवल वाटेल. आणि उत्तर ‘हो’ असेल तर गुरुवारची वाट बघू नका. १४४१६ ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ साली सुरू झाली, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

माहिती नीट घेतल्याशिवाय उपाय सांगितला की काय होतं, ते मी स्वतः केलं आहे. तेव्हा मला दुसरं वर्ष होतं आणि उत्साह दांडगा होता. एक बाई आल्या होत्या. (इथे आणि पुढे जिथे कुणाचं सांगते तिथे ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सासूबाई ताटावरून बोलतात, घास उतरत नाही, रडू येतं. वीस मिनिटं ऐकून मी म्हटलं, ‘तुम्ही त्यांच्याशी एकदा स्पष्ट बोला.’ कसं बोलायचं, तेही वाक्यावाक्याने सांगितलं. त्या ‘हो मॅडम’ म्हणाल्या, पैसे दिले, गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. वर्षभराने मंडईत मेथीच्या गाडीशी भेटल्या. मला राहवलं नाही, विचारलं. म्हणाल्या, ‘तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या आईनेही सांगितलं होतं, मावशीनेही सांगितलं होतं. मला वाटलं होतं, मी का बोलू शकत नाही ते तुम्ही विचाराल.’ मेथी निवडत निवडत सांगितलं त्यांनी, रागही नव्हता. त्या दिवसानंतर पहिल्या भेटीत सल्ला द्यायला माझी जीभ उचलत नाही.

तर तुमच्या मॅडमचं न सांगणं हे कदाचित चांगलं लक्षण आहे. ‘कदाचित’ म्हणते, कारण नुसतंच ऐकत राहणारेही असतात आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत समुपदेशकाने तुम्हाला एवढं तरी सांगायला हवं: तुमचा त्रास मला असा दिसतो, आपण यावर असं असं काम करू, आणि बरं वाटायला लागलं हे आपल्याला अमुक गोष्टीवरून कळेल. तुमच्या बाबतीत ‘मुलीवर ओरडणं आठवड्यात पाचवरून एकावर’ असं काहीतरी. ‘मन शांत व्हावं’ हे उद्दिष्ट फार गोल आहे, ते हाताला लागत नाही.

हे झाल्यावर काम सुरू होतं आणि त्यात गृहपाठ असतो. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास मांडलेली पद्धत आपल्याकडे ‘विवेकनिष्ठ’ या नावाने ओळखली जाते आणि मराठी समुपदेशकांत ती बरीच वापरली जाते. एखादी घटना, तिच्याबद्दल आपण मनात म्हटलेलं वाक्य आणि त्यातून आलेली भावना, हे तीन रकाने वहीत वेगळे करायचे. मुलीने दूध सांडलं, ही घटना. ‘या घरात माझं कुणी ऐकतच नाही’ हे वाक्य. मग संताप. आपण घटनेवरून थेट संतापावर उडी मारतो आणि मधलं वाक्य आपल्याला ऐकूच येत नाही. ते ऐकू यायला लागणं हेच सुरुवातीच्या आठवड्यांतलं निम्मं काम. बँकवाल्यांना हे रकाने छान जमतात, असा माझा अनुभव आहे. फक्त ते टॅली करायला बघतात.

आणखी एक गोष्ट या भेटींत होते आणि ती मला या कामात सगळ्यात आवडते. आपल्याकडे येणारा प्रत्येक माणूस एकच शब्द घेऊन येतो: टेन्शन. परीक्षेचं टेन्शन, सासूचं टेन्शन, वडील आयसीयूत आहेत त्याचंही टेन्शन. मी तो शब्द थोडा बाजूला ठेवायला सांगते. म्हणते, टेन्शन म्हणजे नक्की काय होतं? धास्ती वाटते? घालमेल होते? हुरहुर लागते? की नुसतं कसनुसं होतं? माणूस थांबतो. छातीवर हात ठेवतो, मग पोटावर. ‘नाही, धास्ती नाही. तगमग म्हणा.’ तगमग आणि धास्ती यांवर करायची कामं वेगळी असतात, म्हणून हा खटाटोप. धास्तीला पुढे काहीतरी वाईट दिसत असतं. तगमग बहुधा मागे राहून गेलेल्या गोष्टीची असते. परदेशातले मराठी लोक तिथले समुपदेशक सोडून रात्री जागून आमच्याशी ऑनलाइन बोलतात, ते बरेचसं यासाठीच. न्यू जर्सीतल्या एका गृहस्थांनी मला सांगितलं की ‘कसंतरीच होतं’ याचं भाषांतर करण्यात त्यांच्या तिथल्या दोन भेटी गेल्या.

तेव्हा गुरुवारी जाण्याआधी घरी बसून एवढंच करा: रात्री तीनला जे होतं त्याला टेन्शन सोडून दुसरा शब्द शोधा. आजीचा शब्द चालेल, गावाकडचा चालेल.

मित्राच्या चहाबद्दल. मित्र असावाच, मी त्याच्या आड येत नाही. पण तुम्ही ‘झोप लागत नाही’ म्हणालात की मित्र तिसऱ्या मिनिटाला म्हणतो, ‘अरे, माझ्याकडेही तेच!’ आणि मग तुम्ही त्याचं ऐकता. तो तुमची बाजू घेतो, म्हणजे वहिनींची घेत नाही. शिवाय पुढच्या गणपतीत सोसायटीच्या मांडवात तोच समोर बसलेला असतो आणि तुम्ही काय बोललात ते त्याला आठवत असतं. अनोळखी माणसाला पैसे देऊन बोलण्यात विचित्रपणा आहे हे खरं, पण पैसे दिल्यामुळे त्याचं ऐकण्याचं देणं तुमच्यावर उरत नाही. तासभर फक्त तुमचा. आपल्यातल्या कर्त्या पुरुषांना याची सवयच नसते. पहिल्या भेटीत निम्मे जण मलाच विचारतात, ‘तुमचं जेवण झालं का?’

वही आणि बायको हे दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत. वहीत मुद्दे असतात: तारीख, झोपेचे तास, तुमच्याच तोंडची एखाद-दोन वाक्यं, पुढच्या वेळी काय विचारायचं. तुम्ही ‘काय लिहिलंत?’ असं बेधडक विचारू शकता. मी वही फिरवून दाखवते. तुम्ही बोललेलं बायकोला कळणार नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गोपनीयतेला हक्क मानतो, आणि कायदा नसता तरी या धंद्याचा पायाच तो आहे. बायको, आई, साहेब, कुणीही फोन केला तरी आम्ही ‘ते इथे येतात’ एवढंही सांगत नाही. येतात असे फोन. ‘मॅडम, काय म्हणाला हो तो? मला नुसतं हो-नाही सांगा’, असं म्हणणारी आई मला दर महिन्याला भेटते. अपवाद मोजके आहेत आणि ते पहिल्याच दिवशी सांगायला हवेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका दिसला तर घरच्यांना सांगावं लागतं. अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे. न्यायालयाने आदेश दिला तर द्यावं लागतं. तुमच्या मॅडमनी हे सांगितलं नसेल तर गुरुवारी विचारा. आणि बायको सोबत येत असेल तर तिला बाहेरच्या बाकावर बसवू नका. पातळ दार असलं की माणूस हळू बोलतो आणि हळू बोललं की अर्धं गिळतो. तिला घरी राहू दे, किंवा खाली चक्कर मारू दे. ऑनलाइन भेट असेल तर गाडीत बसून करा. माझे कितीतरी जण सोसायटीच्या पार्किंगमधूनच बोलतात. वॉचमनला सांगून ठेवतात की ऑफिसची मीटिंग आहे.

किती वेळा? बांधीव पद्धतीची, म्हणजे सीबीटीसारखी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी) थेरपी साधारण बारा ते वीस भेटींत बसवलेली असते, आठवड्याला एक. नुसत्या झोपेच्या त्रासासाठी जी असते ती सहा-आठ भेटींत होते. माणूस गेल्याचं दुःख असेल तर त्याला असा हिशोब लागू होत नाही. आकडा विचारणं चूक नाही. ‘सहा भेटींनंतर आपण बसून बघू’, असं उत्तर मिळालं तर ते प्रामाणिक समजा. ‘तीन भेटींत गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडून उठून या. पैसे अंगावर येत असतील तर तेही मोकळेपणाने बोला. दोन आठवड्यांतून एकदा यायचं ठरवता येतं, बरेच जण फी कमी करतात, आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केसपेपरच्या पैशात तपासणी होते. तिथे रांग असते आणि तास मिळत नाही, पण तज्ज्ञ खरा असतो.

खऱ्यावरून आठवलं. मॅडमचं शिक्षण विचारलंत का? लोक हजार रुपयांचा मिक्सर घेताना वॉरंटी कार्ड वाचतात आणि इथे लाजतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेले डॉक्टर. इथे सांगते त्या तिघांत औषध तेच देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची (म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि तिचा क्रमांक असतो. समुपदेशकाने निदान मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात एमए आणि त्यापुढे कुणाच्या तरी देखरेखीखाली काम केलेलं असावं. बाकी पाट्या आपल्याकडे भरपूर आहेत. पत्रिका बघतो म्हणणारा, दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी नावानिशी सांगणारा, तासात चार फोन घेणारा किंवा ‘तुमच्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत’ म्हणणारा भेटला, तर दुसरी भेट देऊ नका. आणि मॅडमनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं तर तो अपमान नव्हे. झोप वर्षभर मोडली असेल तर दोन्ही बरोबरीने चालवावं लागू शकतं. नैराश्यावरची औषधं काम दाखवायला दोन ते चार आठवडे घेतात. चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू नका.

एक सावधगिरीची सूचना, कारण ती कुणी देत नाही. पहिल्या भेटीनंतर बहुतेकांना हलकं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर पुष्कळांना जड वाटतं. डोकं ठणकतं, रात्री स्वप्नं पडतात, ‘उगाच बोललो, आता त्यांना सगळं माहीत झालं’ अशी लाज वाटते. माळा साफ करायला काढला की मधल्या दिवशी घर आधीपेक्षा घाण दिसतं, तसं. नेमके याच टप्प्यावर लोक ‘कामात अडकलो’ असा निरोप पाठवतात. जड दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर काळजी नको. आठवडाभर उतरलंच नाही, किंवा जीव नकोसा वाटायला लागला, तर मधेच फोन करा. त्यासाठी वेळ मागायला लाजू नका.

आता गुरुवार. रद्द करू नका. पण जाऊन पुन्हा झोपेचा तक्ता सांगत बसू नका. तुम्ही मला जे लिहिलंत त्यातलं निम्मं मॅडमना सांगितलेलं नाही, असं दिसतं. गेल्या गेल्या, पहिल्या पाच मिनिटांत म्हणा: ‘दोन भेटींत मला काहीच मिळालं नाही असं वाटतंय, आणि मी आज रद्द करणार होतो.’ उद्धटपणा होईल असं तुम्हाला वाटेल. मला स्वतःला हे वाक्य ऐकायला आवडतं असं नाही, क्षणभर पोटात खड्डा पडतो. पण त्यानंतरच्या तासाला जेवढं काम होतं तेवढं आधीच्या दोन्हींत मिळून होत नाही. त्या कशा उत्तर देतात ते बघा. चिडल्या, दुखावल्या, स्वतःच्या पदव्या सांगू लागल्या, तर चौथी वेळ घेऊ नका. ‘बरं झालं सांगितलंत, काय मिळायला हवं होतं?’ असं विचारलं, तर थांबा.

मग ताजा कलम. त्याला संबंध लावायची जबाबदारी तुमची नाही. तारीख सांगा, शाखेत होतो ते सांगा, कुणाचा फोन आला, किती वाजता आला, आणि फोन ठेवल्यावर तुम्ही उठलात की आधी दिवसाचा हिशोब बंद केलात, ते सांगा. नाही सांगवलं तर एवढं तरी म्हणा की एक गोष्ट आहे आणि ती आज सांगता येत नाही. तेवढंही पुरतं.

आणि शाखा बंद करून तडक जाऊ नका. सातची वेळ आहे, तर सहाला निघा, वाटेत काहीतरी खाऊन घ्या, फोन बंद करून गाडीच्या डिकीत टाका. वर जाताना मॅडमना आधीच सांगून ठेवा की आज शेवटची दहा मिनिटं मला लागणार आहेत.